एक छत्री, चार घरे : डिश आणि अँटेनाची जोडणी समजून घेताना

आपल्या कोणत्याही वसाहतीच्या गच्चीवर गेले तर जितक्या खोल्या तितक्या छत्र्या दिसतात. कुणाची कठड्याला, कुणाची पाण्याच्या टाकीला, तर कुणाची जिन्यावरच्या पत्र्याला बांधलेली. वायरींचे जाळे असे की कुठली वायर कुणाच्या घरात उतरते हे बसवणाऱ्यालाही सांगता येऊ नये. प्रत्येक छत्रीसाठी गच्चीच्या लादीला तीन-चार भोके पडतात, पावसाळ्यात वरच्या मजल्यावरील कुटुंबाच्या घरात पाणी गळू लागते आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत नाहक तेढ निर्माण होते. वास्तविक पाहता एका छत्रीवर चार घरांचे, प्रसंगी आठ घरांचेही टीव्ही व्यवस्थित चालू शकतात. हे कसे साधते आणि दोन वायरी पिळून जोडल्या तर का साधत नाही, हे या लेखात सोप्या भाषेत मांडण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम जुन्या अँटेनाविषयी दोन शब्द, कारण आपल्या बऱ्याचशा सवयी तिथूनच आलेल्या आहेत. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि पुढे घराघरांवर अॅल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना उभे राहिले. एकाने वर चढून काठी फिरवायची, दुसऱ्याने खिडकीतून ओरडायचे, 'आलं, आलं... गेलं!' पडद्यावरच्या मुंग्या आठवत नाहीत असा त्या पिढीतील माणूस विरळाच. या अँटेनाचे काम सरळ होते. मनोऱ्यावरून येणाऱ्या सर्व वाहिन्यांच्या लहरी तो एकदमच पकडे आणि एकाच वायरीतून खाली पाठवी. त्यातून हवी ती वाहिनी निवडण्याचे काम टीव्ही करी. म्हणून एका अँटेनावर दोन टीव्ही लावायचे तर मध्ये स्प्लिटर नावाची छोटी डबी बसवली की काम भागे. लहरीची शक्ती दोन्हीकडे निम्म्याहून थोडी कमीच जाई, तेवढेच. १९९१-९२ नंतर केबलवाले आले, तेव्हाही घरातली वायर अशीच वाटता येत असे. मोठी छत्री केबलवाल्याकडे असे आणि तो सर्व वाहिन्या वेगवेगळ्या जागी बसवून एकाच वायरीत सोडत असे.

हा काळ आता संपला आहे. मुंबईत २०१२ पासून केबलला सेट-टॉप बॉक्स बंधनकारक झाला आणि २०१७ पर्यंत ही पद्धत देशभर लागू झाली. काही मोक्याची ठिकाणे वगळता दूरदर्शनची जुन्या पद्धतीची प्रक्षेपण केंद्रेही २०२२ पर्यंत बंद करण्यात आली. तेव्हा गावाकडच्या बाजारात कोणी काड्यांचा अँटेना गळ्यात मारत असेल, तर आपल्या भागात त्यावर प्रत्यक्ष काय दिसते हे पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

छत्रीचा प्रकार मात्र मुळातूनच निराळा आहे. उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. तेथून येणारी लहर इतकी क्षीण असते की छत्रीने ती गोळा करून समोरच्या डबीवर, म्हणजे एलएनबीवर, एकवटावी लागते. शिवाय ती इतक्या उच्च कंपनाची असते की साध्या वायरीतून खाली येईपर्यंत विरून जाईल. म्हणून एलएनबी ती वाढवते आणि खालच्या पट्टीत आणते. उदाहरणार्थ, ११,५५० मेगाहर्ट्झच्या लहरीतून ९,७५० वजा होऊन वायरीत १,८०० मेगाहर्ट्झ उतरतात.

आता खरी मेख पाहू. उपग्रहावरून लहरी दोन प्रकारे येतात, उभ्या आणि आडव्या. उभे गज असलेल्या खिडकीतून उभी धरलेली फळी आत सरकते, आडवी धरलेली अडकते, तसाच हा प्रकार समजावा. साध्या एलएनबीतून एका वेळी एकाच प्रकारच्या लहरी खाली येतात. कोणत्या यायच्या हे घरातला बॉक्स ठरवतो आणि तो आपली मागणी त्याच वायरीतून वर पाठवतो : १३ व्होल्ट दिले तर उभ्या, १८ व्होल्ट दिले तर आडव्या. काही एलएनबींना याखेरीज वरचा पट्टा की खालचा, हे सांगण्यासाठी २२ किलोहर्ट्झचा बारीक सूरही द्यावा लागतो. म्हणजे अँटेनाची वायर ही नुसती खाली येणारी पन्हळ होती, तर छत्रीच्या वायरीतून वीज व मागणी वर जाते आणि लहर खाली येते.

एवढे ध्यानात आले की पुढचे सगळे आपोआप उलगडते. दोन घरांनी एकाच वायरीला स्प्लिटर लावला, एकाचा बॉक्स १३ व्होल्ट मागतो, दुसऱ्याचा १८, तर एलएनबी जास्त व्होल्टवाल्याचेच ऐकते. दुसऱ्याच्या पडद्यावर 'सिग्नल नाही' अशी पाटी झळकते आणि बिचारा छत्री फिरवत बसतो. काही सेवांच्या सर्व वाहिन्या एकाच प्रकारच्या लहरींवर असतात, तेथे मात्र स्प्लिटर चालून जातो. म्हणूनच एक शेजारी छातीठोकपणे सांगतो की चालते, आणि दुसरा शपथेवर सांगतो की चालत नाही. दोघेही खरेच बोलत असतात! तरी तेथेही केबलचा जुना स्प्लिटर चालत नाही. तो बहुधा १,००० मेगाहर्ट्झपर्यंतचाच असतो आणि वीज वर जाऊ देत नाही. २,४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा, वीज जाऊ देणारा आणि एका बॉक्सची वीज दुसऱ्यात शिरू न देणारा स्प्लिटर मागून घ्यावा.

खात्रीचा मार्ग म्हणजे एकापेक्षा अधिक तोंडांची एलएनबी. दोन तोंडांची, चार तोंडांची व आठ तोंडांचीही मिळते. प्रत्येक तोंड स्वतंत्र असते. प्रत्येक घराची वायर वेगळी, बॉक्स वेगळा आणि मागणीही वेगळी. छत्री मात्र एकच. चार घरांनी मिळून खर्च वाटून घेतला तर गच्चीची भोकेही वाचतात. अर्थात ज्यांची सेवा एकाच उपग्रहावरून येते, त्यांनाच हे जमते. निरनिराळ्या कंपन्यांचे उपग्रह आकाशात निरनिराळ्या जागी असतात, त्यामुळे शेजाऱ्याची कंपनी दुसरी असेल तर त्याच्या छत्रीचा आपल्याला उपयोग होईलच असे नाही. घरे आठाहून जास्त असतील तर मल्टिस्विच नावाचे उपकरण लागते. ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

एकाच घरात दोन टीव्ही असतील तर आधी एक प्रश्न विचारावा : दोन्हीकडे एकाच वेळी वेगळे काही पाहायचे आहे काय? नसेल तर एकाच बॉक्समधून दुसऱ्या खोलीत वायर नेली की झाले. पिवळी, पांढरी, लाल पिन असलेली किंवा एचडीएमआयची वायर चालते. एचडीएमआयची वायर मात्र फार लांब नेऊ नये. पण अनेक घरांत उत्तर 'होय' असेच येते. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची दरमहा भाडे नसलेली डिश सेवा सुरू झाली, तीच पुढे डीडी फ्री डिश या नावाने ओळखली जाऊ लागली. २०१७ मध्ये स्वयंप्रभा आणि २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात पीएम ई-विद्या या शैक्षणिक वाहिन्या सुरू झाल्या. ई-विद्येत पहिली ते बारावी प्रत्येक इयत्तेला एक वाहिनी देण्यात आली. ज्या घरात एकच मोबाइल आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, तेथे या वाहिन्यांचे मोल काय ते मुलांनाच विचारावे. परंतु बाहेरच्या खोलीत आजीची मालिका चालू असताना दहावीतल्या मुलीला आपल्या इयत्तेची वाहिनी हवी, तर दोन तोंडांची एलएनबी आणि दुसरा बॉक्स लागणारच. माझ्या मते मोठ्या पडद्याच्या नव्या टीव्हीपेक्षा हा खर्च अगोदर करावा. जुना टीव्ही चालतो.

वायर आरजी-६ जातीची, ७५ ओहमची घ्यावी. चांगली वायर २५-३० मीटरपर्यंत सहसा त्रास देत नाही. स्वस्त बारीक वायर मात्र उच्च कंपनाच्या वाहिन्या आधी गिळते, त्यामुळे काही वाहिन्या दिसतात आणि काही नाहीत असा चमत्कार घडतो. पिन बसवताना बाहेरच्या जाळीचा एकही तंतू मधल्या तारेला टेकता कामा नये. टेकला तर वरची वीज तेथेच आटोपते आणि बॉक्स बिघडण्याची भीती असते. म्हणून पिन काढण्या-लावण्यापूर्वी बॉक्सचे बटण बंद करावे. एलएनबीजवळ वायरीला खाली झोल द्यावा म्हणजे पाणी पिनेत न शिरता झोलावरून ठिबकते. पिनेवर रबरी टेप गुंडाळावा, समुद्राजवळच्या वस्तीत तर नक्कीच.

आता दिशेविषयी. डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबईहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५७ अंश उंच येतो. नागपूरहून तो थोडा दक्षिणेकडे सरकलेला आणि सुमारे ६० अंश उंच असतो. यावरून एक सोपा हिशेब मांडता येतो. मुंबईत त्या दिशेला १० मीटरवर इमारत असेल तर ती छत्रीपेक्षा १५ मीटरपर्यंत उंच असली तरी चालते, त्याहून उंच असल्यास जागा बदलावी. उत्तरेकडच्या किंवा पश्चिमेकडच्या गॅलरीत कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. मोबाइलमधले होकायंत्र लोखंडी कठड्याजवळ फसवते, म्हणून दोन पावले दूर उभे राहून दिशा घ्यावी. छत्री वरवर पाहता बरीच उभी दिसते, त्याने गोंधळून जाऊ नये. तिची बनावटच अशी असते की ती दिसते त्याहून सुमारे २०-२५ अंश वर पाहत असते. बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या येतात. त्यातली सिग्नलच्या ताकदीची पट्टी भलत्या दिशेलाही भरलेली दिसू शकते, म्हणून गुणवत्तेच्या, म्हणजे क्वालिटीच्या, पट्टीवरच भरवसा ठेवावा. छत्री अगदी सावकाश हलवावी. एक-दोन अंशांचाही फरक पडतो. शेवटी एलएनबी तिच्या पकडीत किंचित फिरवून पाहावी.

मुसळधार पावसात चित्र जाते ते आकाशातल्या पाण्यामुळे. पाऊस ओसरला की ते आपोआप परत येते. अशा वेळी छत्री फिरवण्यासाठी ओल्या गच्चीवर किंवा पत्र्यावर कोणी चढू नये आणि मुलांना तर मुळीच चढवू नये. विजेच्या तारा जवळून जात असतील तर छत्रीची नळी उभी करताना ती तारांकडे कलली तरी तिथवर पोहोचणार नाही इतके अंतर ठेवावे. नळीला अर्थिंग करून घ्यावे आणि विजा कडाडू लागण्याचे चिन्ह दिसताच टीव्हीचा प्लग व छत्रीची वायर दोन्ही काढून ठेवावीत. लादीला भोके पाडण्याऐवजी नळी सिमेंटच्या जड ठोकळ्यात रोवली तर गच्चीही शाबूत राहते आणि दुरुस्तीच्या वेळी सगळे काही उचलून बाजूला ठेवता येते.