निमखारी टाकी – भाग ७ : मीठ कुठलं आणि किती?

आज निवटे या माशांवर लिहायचं ठरलं होतं. पण गेल्या भागानंतर इथल्याच, सुरतेजवळच्या सचिनमधल्या कनकपूरच्या एका वाचकांनी असा प्रश्न टाकला की निवट्यांना आणखी आठवडाभर चिखलात थांबावं लागेल. ते विचारतात, ‘मिंढोळा नदी एवढी जवळ आहे. भरतीला खाडीतून दोन कॅन भरून आणले तर निमखारं पाणी फुकट मिळेल. महागाचं मीठ कशाला?’

नको! पहिलं कारण सचिनच्या माणसाला सांगायला नको. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे इथल्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या नाल्यात टँकरमधून रसायन सोडलं जात होतं. त्याच्या वाफेने सहा कामगारांचा जीव गेला. नाल्यात काय उतरतं ते डोळ्यांना दिसत नाही, आणि नाले शेवटी खाडीकडेच जातात. दुसरं कारण खंभातच्या आखाताचं. देशातली सगळ्यात मोठी भरती-ओहोटी इथली. एकाच जागी पाणी भरतीला खारं, ओहोटीला बरंच सपक आणि पावसाळ्यात वेगळंच. कॅनमध्ये काय येईल ते तुम्ही किती वाजता गेलात त्यावर. वर गाळ आहेच.

मग किती खारं हवं? समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मी १० ग्रॅमवर टाकी ठेवतो, आणि त्याला कारण आहे. आपल्या बहुतेक माशांच्या रक्ताचा खारटपणा समुद्राच्या एक तृतीयांशाच्या आसपास असतो. गोड्या पाण्यात माशाच्या अंगात पाणी सारखं शिरत राहतं. ते लघवीवाटे बाहेर टाकायचं आणि कल्ल्यांतून क्षार आत ओढायचे, हे काम त्याला चोवीस तास. समुद्रात उलटं. अंगातलं पाणी बाहेर जातं, म्हणून तो खारं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून टाकतो. १० ग्रॅमच्या आगेमागे आतबाहेर जवळजवळ बरोबरी होते आणि त्याचे कष्ट वाचतात.

आता मीठ. स्वयंपाकघरातल्या मिठाला लोक आयोडीनसाठी नावं ठेवतात; ते आयोडीन नगण्य असतं. खरी अडचण ही की ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. मग दांडीच्या बाजूचं खडेमीठ? ते तर समुद्राचंच! पण मिठागरात पाणी आटताना मीठ खाली बसतं आणि मॅग्नेशियमचे बरेचसे क्षार वरच्या पाण्यात राहून जातात. तेव्हा सागरी टाक्यांसाठी मिळतं तेच तयार मीठ घ्या. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पीएच सांभाळणारे क्षार असतात. शंभर लिटरला एक किलो. बोरचं पाणी जड असलं तरी निमखाऱ्या पाण्यातल्या माशांना ते मानवतं.

अंदाजावर जाऊ नका, हायड्रोमीटर घ्या, आकडा १.००७ च्या जवळपास दिसायला हवा. गोड्या पाण्याची चालू टाकी खारी करायची असेल तर हा आकडा आठवड्याला ०.००१–०.००२ इतकाच चढवा. मासा सोसेल, पण फिल्टरमधले जिवाणू एका फटक्यात मरतील आणि अमोनिया वाढेल. मे महिन्यात टाकीतलं पाणी आटतं, मीठ आटत नाही. म्हणून आटलेली पातळी साध्या, क्लोरीन काढलेल्या पाण्याने भरायची. बदलायचं पाणी मात्र आधी बादलीत मीठ विरघळवून. टाकीत थेट मीठ ओतायचं नाही.

त्याच वाचकांची पुढची विचारणा: ‘आपल्या सुरतेच्या नावाचा मासा ठेवू का?’ हा एट्रोप्लस सुरातेन्सिस. बर्लिनच्या ब्लॉख या डॉक्टरने १७९० मध्ये त्याला ‘सुरातेन्सिस’ हे नाव दिलं. त्याचं खरं माहेर मात्र दक्षिणेकडे: गोव्यात तो कालुंदर, केरळात करीमीन, २०१० पासून तिथला राज्यमासा. सुरतेच्या मासळीबाजारात मला तो कधी दिसलेला नाही. देखणा आहे, निमखाऱ्या पाण्यात रमतो. पण वीतभर वाढतो, वनस्पती फस्त करतो आणि जोडी जमली की बाकीच्यांना हुसकावतो. शंभर लिटरमध्ये त्याचा विचार सोडा. तीनशे-चारशे लिटरची टाकी असेल तर जरूर.

निवटे पुढच्या आठवड्यात. त्यांच्यासाठी टाकी अर्धीच भरायची असते, तेव्हा उरलेलं मीठ झाकण घट्ट लावून कोरडं ठेवा.