आधी मेंदू, मग बाकीचे

आपल्या जिल्ह्यातील कळसूबाईचे १६४६ मीटर उंच शिखर चढताना धाप लागते. गर्भ तर नेहमीच त्याहून विरळ प्राणवायूत वाढतो. वार नीट काम करीत नसेल, किंवा मातेचे रक्त फार कमी असेल, तर हा पुरवठा आणखी घटतो. तेव्हा गर्भाचे शरीर हातपाय, आतडी, मूत्रपिंडे यांचे रक्त आखडून मेंदूकडे वळविते. मंदीच्या वर्षी घरखर्च आवरून मूळ भांडवल राखावे, तसेच हे. पण फार काळ निभत नाही. म्हणूनच डॉप्लर सोनोग्राफीत मेंदूचा प्रवाह वाढलेला दिसणे ही शुभवार्ता नसून इशारा असतो. गर्भवतीचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमखाली नसावे. जेवणालगतचा चहा लोह शोषू देत नाही. लिंबू मदत करते. आणि बाळाची हालचाल मंदावल्यास दुकान बंद होण्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.