अरण्यातील अधांतरी शय्या

मण्यार हा रात्री संचार करणारा सर्प आहे, आणि त्याच्या दंशातील विशेष भयंकर गोष्ट अशी की, तो बहुधा भुईवर अंथरूण टाकून निजलेल्या माणसाला होतो, दंशाच्या जागी वेदना वा सूज फारशी येत नाही, आणि पोटात कळा येऊन पापण्या जड होईपर्यंत आपल्याला काही झाले आहे याची पुष्कळांना जाणीवही होत नाही. नेपाळच्या आग्नेय भागात झालेल्या व 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मच्छरदाणीत निजणाऱ्यांना सर्पदंशापासूनही संरक्षण मिळते, असे दिसून आले होते. विंचू, गोचीड, पावसाळ्यातील जळवा आणि डास-घुंगुरट्यांचे थवे यांची यात भर घातली, म्हणजे सह्याद्रीच्या रानात रात्रीचा मुक्काम करणाऱ्याचे बहुतेक वैरी भुईवरून किंवा भुईलगतच्या हवेतून येतात, हे ध्यानात येईल. दोन झाडांच्या मध्ये टांगलेली, वरून छताने आणि भोवती जाळीने बंद केलेली जी झोळी दुकानांतून हॅमॉक या नावाने विकली जाते, तिची योग्यता या हकीकतीवरून ठरवावी, असे माझे मत आहे. सहलीच्या छायाचित्रांमुळे ती दुपारच्या आरामाची वस्तू समजली जाते आणि लोक ती रंग व किंमत पाहून विकत घेतात, याचे मला खरोखर वाईट वाटते.

ही शय्या मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील. 1492 साली कोलंबस बहामा बेटांवर उतरला तेव्हा तेथील लोक कापसाच्या विणलेल्या जाळ्यांत निजत असल्याचे त्याच्या रोजनिशीत नमूद आहे. पुढे ती यूरोपातील आरमारांनी उचलली. ब्रिटिश आरमारात दर खलाशास झोळी टांगण्यासाठी अवघी 14 इंच रुंदीची जागा देण्याचा शिरस्ता होता, आणि सकाळी गुंडाळलेल्या झोळ्या जहाजाच्या कडांवर रचून लढाईत बंदुकीच्या गोळ्यांना आडोसा करीत. परंतु जहाजावर जी उघडी झोळी पुरेशी होती ती पावसाच्या व कीटकांच्या अरण्यात अपुरी पडणे क्रमप्राप्तच होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने आपल्या सैनिकांसाठी जी जंगल-झोळी तयार करविली, तिच्यात पाणी न शिरणारे छत, जाळीच्या भिंती आणि आत शिरण्यासाठी चेन, हे सर्व एकत्र शिवलेले होते, आणि आजच्या बंद झोळीचा वंश तिच्यापासून सुरू होतो. कॅनडातील टॉम हेनेसी यांनी 1999 च्या सुमारास बाजारात आणलेल्या झोळीने त्यात एक महत्त्वाची सुधारणा केली : तिचे कापड मुद्दाम तिरप्या आकारात कापलेले असते, जेणेकरून निजणारा आपोआप कर्णरेषेवर आडवा होतो.

या कर्णरेषेचे मर्म समजल्यावाचून झोळी निवडताच येत नाही. झोळीच्या मध्यरेषेवर सरळ निजणाऱ्याचे डोके व पाय वर आणि कंबर खाली राहते, गुडघे उलट्या दिशेने ताणले जातात, आणि सकाळी तो झोळीला बोल लावतो. तोच मनुष्य डोके थोडे डावीकडे व पाय थोडे उजवीकडे सारून निजला, तर कापडाचा ताण त्याच्याखाली पसरतो आणि पाठ जवळजवळ सपाट होते. यासाठी कापडाला लांबी आणि रुंदी दोन्ही हवीत. सामान्य उंचीच्या माणसास सुमारे 11 फूट लांबीची झोळी सोयीची होते. 8-9 फुटांच्या स्वस्त झोळ्या बसण्यास ठीक, परंतु त्यांत रात्र काढणे कष्टाचे. कापड बहुधा चौकडीच्या विणीचे नायलॉन असते. ते जितके पातळ तितके ओझे कमी, हे खरे. पण पातळपणाला एक मर्यादा आहे आणि ती डासांनी घालून दिलेली आहे.

जाळी तर भोवती घट्ट बंद आहे, तरीही सकाळी खांद्यावर आणि मांडीमागे गांधी उठलेल्या दिसतात, हा अनुभव पुष्कळांना येतो. कारण साधे आहे. जेथे शरीराचा भार पडतो तेथे कापड त्वचेला ताणून चिकटते, आणि खालून येणाऱ्या डासाची सोंड त्या एकेरी कापडाच्या विणीतून सहज आरपार जाते. म्हणून तळ दुहेरी कापडाचा असलेली झोळी घ्यावी आणि त्या दोन थरांच्या मध्ये पातळ कॅरीमॅट सरकवावी. काही लोक कापडाला पर्मेथ्रिन नावाचे कीटकनाशक लावतात. ते उपयुक्त आहे, परंतु कापड बाहेर मोकळ्या हवेत पूर्ण वाळू द्यावे, घरात मांजर असल्यास ओले कापड तिच्यापासून दूर ठेवावे आणि ओढ्याच्या पाण्यात ते कदापि धुऊ नये, कारण मांजरांना व माशांना ते विषारी आहे.

जाळीचेही तसेच. सामान्य मच्छरदाणीच्या जाळीला एका चौरस इंचात 156 छिद्रे असतात, आणि डासांचा बंदोबस्त तेवढ्याने होतो. पण वाळूमाशी आणि त्याहूनही बारीक घुंगुरटी त्यातून आत येतात. नदीकाठी, खाडीकाठी किंवा गुरांच्या वाड्यांजवळ मुक्काम असेल तर याहून पुष्कळ बारीक जाळी मागून घ्यावी. वारा किंचित कमी लागतो, ते सोसावे. जाळी झोळीलाच शिवलेली असावी की वेगळी पिशवीसारखी ओढून घ्यावयाची असावी, यावर जाणकारांत मतभेद आहेत. माझा कौल शिवलेल्या जाळीला आहे, कारण अंधारात थकलेल्या माणसाकडून वेगळ्या जाळीची कड हमखास कोठेतरी उघडी राहते. मात्र ती दोन्ही टोकांना ताणून धरणारी, झोळीच्या डोक्यावरून जाणारी मध्यदोरी असल्याची खातरजमा करावी. नाहीतर जाळी तोंडावर लोंबते, आणि जेथे गुडघा वा कोपर जाळीला टेकते तेथे डास बाहेर बसूनच आपले काम साधतो. चेनीला आतून-बाहेरून दोन्हीकडून उघडणारी पकड असावी आणि तिला पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा बांधून ठेवावा, म्हणजे रात्री घाईने बाहेर पडावे लागले तर हात चाचपडत राहत नाही.

आता बांधणीकडे वळतो, आणि या बाबीवर थोडा अधिक वेळ घालवणे मला अगत्याचे वाटते. झोळी जितकी ताणून बांधू तितकी ती सपाट व सुखकर होईल, असा एक सार्वत्रिक समज आहे, आणि तो धोक्याचा आहे. झोळीला झाडाशी जोडणारा पट्टा क्षितिजाशी 30 अंशांचा कोन करून उतरत असेल, तर 70 किलो वजनाच्या माणसाचा प्रत्येक बाजूच्या पट्ट्यावर 70 किलोच भार येतो. कोन 15 अंशांवर आणला की तो भार 135 किलोंच्या घरात जातो. 10 अंशांवर 200 च्या वर, आणि 5 अंशांवर, म्हणजे झोळी डोळ्यांना जवळजवळ सपाट दिसते तेव्हा, 400 किलोंवर. निजणारा कूस बदलतो, उठून बसतो, तेव्हा यात आणखी भर पडते. झोळीवर छापलेली वजनाची मर्यादा पाहून निर्धास्त होणाऱ्यांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत. आडव्या 2 फुटांमागे पट्टा सुमारे 14 इंच खाली उतरला, की 30 अंश साधले असे समजावे. मध्यदोरी असेल तर आणखी सोपी परीक्षा आहे : झोळीत बसल्यावर ती दोरी दोन बोटांत धरून वाकवून पाहावी, थोड्या जोराने वाकली तर ठीक, तारेसारखी ताठ लागली तर पट्टे सैल करावेत. झाडांमधील अंतर 12 ते 15 फूट असावे, आणि बसल्यावर झोळीचा तळ खुर्चीच्या उंचीवर, दीड फुटाच्या आसपास राहील इतपतच ती उंच बांधावी.

याच हिशेबावरून एक निषेधही निघतो. किल्ल्यांवरील पडक्या भिंती, देवळाचे खांब, विटांचे कठडे यांना झोळी कधीही बांधू नये. ते बांधकाम वरून खाली येणारा भार पेलण्यासाठी उभारलेले असते. शेकडो किलोंच्या आडव्या ओढीने जुना खांब निजलेल्या माणसावर कोसळू शकतो, आणि संरक्षित वास्तूची हानी हा कायद्याने गुन्हा आहे तो वेगळाच. झाडही जिवंत, कमरेइतके नसले तरी मांडीहून जाड आणि खोड निरोगी असलेले निवडावे. वर वाळकी फांदी अडकलेली नाही ना, मधमाश्यांचे पोळे वा पानांची घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या नाहीत ना, हे उजेडातच पाहावे. कोकणात दोन माडांच्या मध्ये झोळी टांगण्याचा मोह अनेकांना होतो. वरचे नारळ आणि झावळ्या पाहून तो आवरावा. पट्टे निदान एक इंच रुंद आणि पॉलिएस्टरचे असावेत : बारीक दोरी साल कापते, आणि नायलॉन भिजले की लांबते, मग मध्यरात्री झोळी भुईला टेकते. गाठ मारायचीच तर सुरगाठ मारावी. पावसात आवळलेली निरगाठ सकाळी सोडवताना नखे जातात.

पावसासाठी छत निवडताना जाहिरातीतील सुबक चौकोनी रुमालाच्या आकारावर जाऊ नये. आपल्याकडील आषाढातला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, आणि कोपऱ्यांवर टांगलेले लहान छत त्याच्यापुढे टिकत नाही. आयताकृती, झोळीच्या दोन्ही टोकांपलीकडे हातभर पोहोचणारे आणि वाऱ्याच्या बाजूने खाली ओढून बांधता येणारे छत घ्यावे. छताखाली येणाऱ्या पट्ट्यावर, झोळीच्या अलीकडे, वीतभर सुती दोरा लोंबता बांधावा. खोडावरून निथळणारे पाणी पट्ट्याच्या पोटाला धरून थेंबाथेंबाने अंथरुणाकडे सरकत असते. त्या दोऱ्यापाशी येताच ते त्याच्यावरून खाली उतरते. ही युक्ती कवडीच्या खर्चाची आहे, पण तिच्या अभावी पाठीखालचे पांघरूण भिजलेले मी पाहिले आहे.

थंडीचे स्वरूप येथे निराळे असते. झोळीखालून वारा मोकळा वाहतो, आणि स्लीपिंग बॅगचा पाठीखालचा भाग दाबला गेल्याने त्यातील ऊब धरणारी हवा निघून जाते. म्हणून पौषात महाबळेश्वरच्या रानात वरून दोन पांघरुणे घेतलेला मनुष्यही पाठीने कुडकुडतो. तळाखाली टांगण्याचे खास पांघरूण मिळते, पण ते महाग आहे. कॅरीमॅट आणि तिच्यावर घडी घातलेले घोंगडे एवढ्यावर आपल्याकडची बहुतेक थंडी निभावते.

स्थळाविषयी शेवटी लिहितो. गडांचे माथे आणि सडे यांवर झाडे विरळ, तेथे झोळी नेण्यात अर्थ नाही, तंबूच न्यावा. अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवान्यावाचून प्रवेश नाही, तेव्हा मुक्कामाची परवानगी वनखात्याकडून आधीच घ्यावी. आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यात वा सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात जाणार असाल, तर एक गोष्ट अवश्य पाळा. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या अरण्यात प्रथम ओळखला गेलेला माकडताप गेल्या दशकात येथवर पोहोचला आहे. तो गोचिडीच्या चाव्याने होतो, आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत त्याचा जोर असतो. गोचीड झोळीत चढून येत नाही. ती पाचोळ्यातून चालणाऱ्याच्या पायांवर बसून आत येते. म्हणून चेन उघडण्यापूर्वी कपडे झटकावेत, घोट्यांपासून गुडघ्यामागपर्यंत आणि कमरेच्या पट्ट्याखाली हात फिरवून पाहावे, आणि बूट भुईवर न ठेवता, विंचवाने त्यांत घर करू नये म्हणून, उलटे करून पट्ट्याला टांगावेत.