मिग आलं, डिव्हिजन नाही

4 डिसेंबर 2023 रोजी नौदल दिनाचा सोहळा तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला आणि मिग-29के जातीची लढाऊ विमानं मालवणच्या आभाळात कडाडत गेली. कट्ट्यापासून देवबागपर्यंतच्या पट्ट्याला नौदल नवं नाही. पण नौदलाची विमानं हा विषय त्या दिवसापासून चहाच्या टपरीपर्यंत पोचला. तिथे पहिला प्रश्न ठरलेला असतो : अशी विमानं आपल्याकडे किती? उत्तर सोपं आहे. 2004 आणि 2010 अशा दोन करारांत मिळून भारताने ती 45 घेतली. पण या आकड्यातून फार काही कळत नाही. रापणीत किती होड्या आहेत, यावरून मासळीचा अंदाज कुणी बांधत नाही. होडी जाळं टाकून येते. ते ओढतात ते किनाऱ्यावर दोन्ही टोकांना उभे असलेले लोक. कोणी कधी ओढायचं, कोणाचं ऐकायचं, फाटलेलं जाळं कोणी विणायचं आणि वाटा कसा पाडायचा, हे ठरलेलं नसेल तर होडी बिचारी एकटी काय करणार? लष्करी विमानांचंही तसंच आहे. ज्या देशाकडून आपण निम्म्या शतकाहून अधिक काळ विमानं घेत आलो, त्या रशियाने विमानं ओढणाऱ्या हातांची जुळणी कशी केली हे पाहिलं, तर गोव्याच्या दाबोळी तळावर आपण काय कमावलं आणि काय राहून गेलं, ते उमगतं.

रशियन रचनेतला कळीचा शब्द आहे डिव्हिजन. आपल्याकडे तो पायदळामुळे माहीत आहे, पण रशियात विमानांचीही डिव्हिजन असते. तिचं आजचं रूप एका मोठ्या पराभवातून घडलं. 22 जून 1941 रोजी जर्मनीने हल्ला केला त्या पहिल्याच दिवशी सोव्हिएत संघाने हजाराच्या घरात विमानं गमावली, त्यातली बरीचशी जमिनीवर उभी असतानाच. त्या वेळी बरीच विमानं वेगवेगळ्या भूसेनांना वाटून दिलेली होती. प्रत्येक सेनापती आपल्या वाट्याची विमानं आपल्याच डोक्यावर फिरवत ठेवी आणि जिथे खरी गरज, तिथे एकवटून मारा करता येत नसे. 1942च्या वसंतात अलेक्झांडर नोविकोव्ह हवाई दलाचे प्रमुख झाले आणि मे महिन्यापासून ही विमानं काढून घेऊन ‘हवाई सेना’ उभ्या राहू लागल्या. एका हवाई सेनेत अनेक डिव्हिजन, एका डिव्हिजनमध्ये बहुधा तीन रेजिमेंट, रेजिमेंटमध्ये दोन-तीन स्क्वॉड्रन, अशी उतरंड. यातली खरी हुशारी मात्र लढणाऱ्यांच्या मागे होती. धावपट्टी सांभाळणं, इंधन आणि दारूगोळा पोचवणं, वैमानिकांचं जेवणखाण ही कामं रेजिमेंटकडून काढून ‘विमानतळ सेवा बटालियन’ नावाच्या स्वतंत्र तुकड्यांना दिली. आघाडी पुढे सरकली की अशी एखादी बटालियन आधी पुढे जाऊन एखादं माळरान तयार करी आणि रेजिमेंट तिथे जाऊन उतरे. यजमान आधीच पंगत मांडून बसलेला, पाहुण्याने फक्त हात धुऊन बसायचं.

आजची रशियन मिश्र हवाई डिव्हिजन त्याच घराण्यातली. काळ्या समुद्राजवळच्या क्रिम्स्कला मुख्यालय असलेल्या पहिल्या मिश्र डिव्हिजनचं उदाहरण घ्या. तिच्या लढाऊ रेजिमेंटांकडे सुखोई जातीची विमानं. त्यांचं काम आभाळ मोकळं ठेवण्याचं. मोरोझोव्स्कच्या रेजिमेंटकडे सुखोई-34 बॉम्बफेकी विमानं, शत्रूच्या पिछाडीवरचे पूल आणि साठे उडवायला. बुद्योनोव्स्कच्या रेजिमेंटकडे सुखोई-25, म्हणजे जाड पत्र्याची, सावकाश उडणारी, थेट पायदळाच्या पुढ्यात मारा करणारी विमानं. हे तिन्ही धंदे एका सेनापतीच्या हाताखाली आणि तो सेनापती त्या प्रदेशातल्या हवाई व हवाई संरक्षण सेनेच्या हाताखाली. अण्वस्त्रवाहू अवजड विमानांची डिव्हिजन वेगळी असते. व्होल्गाकाठच्या एंगेल्सला ती आहे. तिचा भूसेनेच्या रोजच्या लढाईशी संबंध नाही, तिची तार थेट वरून हलते. थोडक्यात, डिव्हिजन म्हणजे अमुक इतकी विमानं नव्हेत. कोणतं काम कोणाच्या शब्दावर करायचं आणि त्या कामाची पिछाडी कोणी सांभाळायची, याचा तो करार आहे.

यावर कुणी म्हणेल, हा नावांचा खेळ झाला. आपण विंग म्हणतो, ते डिव्हिजन म्हणतात. बारसं वेगळं, बाळ तेच. हा आक्षेप खरा असता तर नावं बदलून रशियाचं काही बिघडलं नसतं. पण 2009च्या सुमारास संरक्षणमंत्री अनातोली सेर्द्युकोव्ह यांनी नेमका हाच प्रयोग केला. डिव्हिजन आणि रेजिमेंट मोडीत काढून त्यांच्या जागी मोठमोठे ‘हवाई तळ’ केले. विमानं, वैमानिक, इंधन, दुरुस्ती सगळं एकाच तळप्रमुखाकडे. कागदावर नीटनेटकं, खर्चात कपात, पाश्चात्त्य वळणाचं. पाच-सहा वर्षांत गाडी उलटी फिरली. ते मंत्री 2012मध्ये पदावरून गेले आणि 2014च्या आसपास मिश्र डिव्हिजन जुन्या क्रमांकांसह पुन्हा उभ्या राहू लागल्या. यात जुन्या पलटणींच्या मानाचा भाग होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण अफाट लांबीच्या सीमेवर पसरलेल्या आणि मुख्यतः जमिनीवर लढण्याचा विचार करणाऱ्या देशाला तळाशी बांधलेली विमानं सोयीची नव्हती, हेही तितकंच खरं.

आता दाबोळीकडे येऊ. पोर्तुगीजांनी 1950च्या दशकात बांधलेल्या या धावपट्टीवर डिसेंबर 1961मध्ये, गोवा मुक्तीच्या वेळी, पुण्याहून उडालेल्या भारताच्या कॅनबेरा विमानांनी बॉम्ब टाकले आणि 1964मध्ये नौदलाचा ‘आयएनएस हंसा’ हा तळ तिथे आला. नावात आयएनएस आहे, म्हणजे कागदोपत्री ते जहाजच. फक्त पाण्यावर नाही, डोंगराच्या माथ्यावर नांगरलेलं. ही रीत ब्रिटिश आरमाराची. आणि इथली गंमत अशी, की या ब्रिटिश वळणाच्या घरात बिऱ्हाडकरू रशियन आले. 1977मध्ये पाणबुड्या हुडकणाऱ्या इल्युशिन-38 विमानांची 315 क्रमांकाची स्क्वॉड्रन आली, 1988मध्ये प्रचंड तुपोलेव-142ची 312 क्रमांकाची, आणि पुढे मिग-29केच्या 303 आणि 300. पण रेजिमेंट आली नाही, डिव्हिजनही नाही. स्क्वॉड्रन हाच मूळ घटक राहिला. जहाज निघालं की स्क्वॉड्रन त्यावर चढते आणि कप्तानाच्या हुकुमात जाते. परतली की हंसावर. हे अगदी रास्त होतं. विमानवाहू जहाजावर तीन रेजिमेंटांची डिव्हिजन ठेवायची तरी कुठे? मुंबईच्या विमानासाठी दाबोळीला जाणाऱ्या माणसाला या रचनेचा एक परिणाम तेवढा ठाऊक असतो : आठवड्याच्या दिवसांत सकाळी साडेआठ ते दुपारी एक ही धावपट्टी वर्षानुवर्षं नौदलाच्या सरावासाठी राखलेली. त्याच आवारात चढत्या उताराची एक तोकडी पट्टी बांधलेली आहे, विमानवाहू जहाजाच्या नाकासारखी वर वळलेली. जहाजावरून झेपावण्याचा धडा वैमानिक आधी जमिनीवर तिथे गिरवतात.

रचना आपली ठेवली ते बरं केलं. चूक झाली ती पिछाडीत. रशियन रेजिमेंटच्या मागे तिच्याच देशातले दुरुस्ती कारखाने आणि सुट्या भागांची साखळी उभी असते. आपण विमान घेतलं, साखळीचं दुसरं टोक मात्र समुद्रापार राहिलं. इल्युशिन विमानांचं आधुनिकीकरण करायचं म्हटल्यावर ती रशियालाच धाडावी लागली. मिग-29केची गत तर आणखी विचित्र. या विमानाचे पहिले गिऱ्हाईक आपणच. रशियाच्या नौदलाने त्याची मागणी नोंदवली ती 2012मध्ये, म्हणजे आपल्या पहिल्या करारानंतर आठ वर्षांनी. ज्या विमानामागे खुद्द रशियात एकही रेजिमेंट मुरलेली नव्हती, त्याचे सगळे बाळदोष आपल्या पदरी आले. महालेखापरीक्षकांच्या 2016च्या अहवालाने ते उघड्यावर मांडलं : एका आसनाच्या मिगची उड्डाणयोग्यता 15.93 ते 37.63 टक्क्यांच्या दरम्यान राहिली, आणि 40 इंजिनं रचनेतल्या दोषांमुळे बाजूला काढावी लागली. शंभरातली साठ-पासष्ट किंवा त्याहून जास्त विमानं एका वेळी हँगरमध्ये असतील, तर 45 या आकड्याला टपरीवरच्या गप्पांपलीकडे किती किंमत द्यायची?

उलट उदाहरण शोधायला रशियात जायला नको, नाशिकपर्यंत गेलं तरी पुरे. ओझरला 1964मध्ये स्थापन झालेला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना मिग-21 आणि पुढे सुखोई-30 बांधत आला. त्याच ओझरला हवाई दलाचा 11 क्रमांकाचा दुरुस्ती तळ आहे. मिग-29 विमानं तिथे पार खिळाखिळा उलगडून पुन्हा जुळवली जातात. पुण्याच्या लोहगावची सुखोई स्क्वॉड्रनही डिव्हिजनमध्ये नाही, पण तिची पिछाडी गाडीने चार-पाच तासांवर आहे. हवाई दलाने रशियाकडून उतरंड उचलली नाही, पिछाडी मात्र देशातच उभी केली. इथे नौदलाच्या बाजूने एक गोष्ट म्हणावी लागेल : शेकड्यांनी विमानं असलेल्या दलाला जे परवडतं, ते पंचेचाळीस विमानांसाठी परवडत नाही. हे खरंच आहे. पण मग इतक्या थोड्या विमानांसाठी एक वेगळंच वाण निवडायचं का, हा प्रश्न खरेदीच्या आधी विचारायला हवा होता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. डिव्हिजन एवढी शहाणी, तर 2022पासून युक्रेनच्या आभाळावर रशियाला पकड का बसवता आली नाही? या प्रश्नाला बगल देऊ नये. लढाऊ, बॉम्बफेकी आणि हल्लेखोर विमानं एका सेनापतीखाली आली म्हणजे ती एकत्र लढायला शिकतात असं नाही. त्या युद्धात रशियन विमानं बहुतेकदा एकटी-दुकटी किंवा लहान गटांत उडताना दिसली. मोठ्या संख्येने, एकमेकांना सांभाळत केलेली मोहीम क्वचितच. तो रियाज डिव्हिजनच्या आराखड्यात लिहिलेला नसतो, तो वर्षानुवर्षं करावा लागतो. रापण एकाच संघाची असली तरी दोन टोकं दोन तालांवर ओढली, तर जाळं उलटतंच. म्हणून माझ्या म्हणण्यातून ‘आपणही डिव्हिजन करा’ असा अर्थ काढू नये. रशियाची रचना रशियाच्या लढाईतून आली. घेण्यासारखी आहे ती फक्त पिछाडीला लढाईइतकंच मोजण्याची सवय.

ती सवय लागते आहे का, हे पुढच्या खरेदीत दिसेल. 28 एप्रिल 2025 रोजी भारताने फ्रान्सकडून नौदलासाठी 26 राफेल विमानं घेण्याचा करार केला; 22 एका आसनाची, 4 दोन आसनांची. या वेळी वाण नवं नाही, हवाई दल तेच विमान आधीपासून उडवतं. इंजिनं, संवेदक आणि शस्त्रं यांच्या दुरुस्तीची सोय भारतातच उभी करायची, हेही करारात लिहिलेलं आहे. विमानं 2030पर्यंत यायची आहेत. तोवर दाबोळीच्या त्या वर वळलेल्या पट्टीवरून मिगच झेपावत राहणार, आणि त्यांची इंजिनं कोण, कुठे उघडतं यावर सकाळी साडेआठला किती उडणार ते ठरणार.