गेमला ९० टक्के ‘पॉझिटिव्ह’ रिव्ह्यू म्हणजे १० पैकी ९ मार्क का?

तीन-चार हजार रुपयांचा गेम घ्यायचा म्हटलं की आपण आधी रेटिंग बघतो. एका साइटवर ९० टक्के दिसतात, दुसरीकडे त्याच गेमला १० पैकी ७. मग खरं कुणाचं? दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण दोन्हीकडे विचारलेला प्रश्नच वेगळा असतो.

स्टीमवरचा टक्का कसा ठरतो?

स्टीम हे पीसी गेम्सचं ऑनलाइन दुकान. इथे खेळाडूंना मार्क देता येत नाहीत. ‘हा गेम इतरांना सुचवाल का?’ एवढंच विचारलं जातं. ‘हो’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण म्हणजे तो टक्का.

समजा, १०० जणांना एखादा गेम ‘ठीक आहे, १० पैकी ७’ वाटला आणि सगळ्यांनी अंगठा वर केला. स्टीमवर दिसणार १०० टक्के. त्याच लोकांनी मेटाक्रिटिकवर मार्क दिले, तर तिथे दिसणार ७. लोक तेच, मतही तेच.

उलटंही होतं. परीक्षेत ६५ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. स्टीमवर मात्र ४० ते ६९ टक्क्यांना ‘मिक्स्ड’ असा शेरा मिळतो. ६५ टक्के म्हणजे दर तिघांतला एक जण ‘घेऊ नका’ म्हणतोय.

मेटाक्रिटिकवर दोन आकडे का असतात?

एक समीक्षकांचा, १०० पैकी. दुसरा सामान्य खेळाडूंचा, १० पैकी. या दोघांत कधी मोठी दरी पडते. १९ जून २०२० रोजी ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ आला. समीक्षकांचा स्कोअर नव्वदीच्या पुढे, तर खेळाडूंचा सुरुवातीला ४ च्याही खाली! गेम संपवायला २० तासांहून जास्त वेळ लागतो, पण शून्य मार्कांचे रिव्ह्यू काही तासांतच पडू लागले होते. त्यानंतर मेटाक्रिटिकने नवीन गेमसाठी युजर रिव्ह्यू ३६ तास उशिरा सुरू करण्याचा नियम आणला.

याला ‘रिव्ह्यू बॉम्बिंग’ म्हणतात. पण प्रत्येक वेळी ते खोटंच असतं असं नाही. मे २०२४ मध्ये सोनीने ‘हेलडायव्हर्स २’च्या पीसी खेळाडूंना प्लेस्टेशनचं अकाउंट जोडणं सक्तीचं केलं. अनेक देशांत हे अकाउंट उघडण्याची सोयच नव्हती. स्टीमवर निगेटिव्ह रिव्ह्यूंचा पाऊस पडला आणि काही दिवसांतच सोनीने निर्णय मागे घेतला.

मग पैसे देण्याआधी काय बघायचं?

रिव्ह्यूंची संख्या: २० रिव्ह्यूंपैकी ९० टक्के म्हणजे नाराज फक्त दोघं. आणखी दोघं नाराज झाले की आकडा थेट ८२ वर.

तारीख: स्टीमवर एकूण आणि गेल्या ३० दिवसांचा, असे दोन शेरे दिसतात. २०१६ मध्ये ‘नो मॅन्स स्काय’वर सडकून टीका झाली. पुढे अपडेट येत गेले आणि २०२४ मध्ये त्याचा एकूण शेरा ‘व्हेरी पॉझिटिव्ह’ झाला.

खेळलेले तास: रिव्ह्यू लिहिणारा किती तास खेळलाय, हे स्टीमवर दिसतं.

तक्रार: चार-पाच निगेटिव्ह रिव्ह्यू वाचा. ‘सर्व्हर सतत बंद पडतो’ ही अडचण एकट्याने ऑफलाइन खेळणाऱ्याची नाही. ‘साध्या लॅपटॉपवर अडकतो’ ही मात्र तुमची असू शकते.

तुलना करायची तर एकाच साइटवरच्या, एकाच प्रकारच्या गेम्सची करा. आणि तरीही अंदाज चुकलाच, तर स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर रिफंड मागता येतो.