पी-५३ प्रथिन, उत्परिवर्तित

पी-५३ प्रथिन : अर्बुदाच्या (कोशिकांच्या अनिर्बंध वाढीने बनणाऱ्या गाठीच्या) निर्मितीस आळा घालणारे कोशिका-केंद्रकातील प्रथिन. मानवात ते ३९३ ॲमिनो अम्लांचे असून त्याचा जीन १७ व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर असतो.

निरोगी कोशिकेत एमडीएम-२ या प्रथिनामुळे त्याचा सतत ऱ्हास होत असल्याने ते अल्पच असते. डीएनएला इजा झाली की ते साचते. त्याचे चार रेणू एकत्र येऊन डीएनएवरील विशिष्ट जागी चिकटतात व तेथील जीनांचे प्रतिलेखन (आरएनएच्या रूपात नक्कल होणे) वाढवितात. त्यांपैकी एका जीनापासून बनणारे पी-२१ प्रथिन कोशिकाविभाजन थांबविते. इतर काही जीन कोशिकेचा नियोजित मृत्यू घडवितात.

मानवी कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत या जीनाचे उत्परिवर्तन (आनुवंशिक घटकात होणारा बदल) आढळते. बहुधा एकच ॲमिनो अम्ल बदललेले, परंतु पूर्ण लांबीचे प्रथिन तयार होते आणि ते अर्बुदात पुष्कळदा मोठ्या प्रमाणात साठते. २४८ व २७३ या स्थानांवरील आर्जिनीन डीएनएला प्रत्यक्ष धरून ठेवते. ते बदलल्यास पकड सुटते. १७५ व्या स्थानी बदल झाल्यास प्रथिनाची घडीच बिघडते. बुरशी लागलेल्या भुईमुगात व मक्यात आढळणाऱ्या अफ्लाटॉक्सिनाचा संबंध यकृताच्या कर्करोगातील २४९ व्या स्थानावरील बदलाशी जोडला जातो. सदोष रेणू निर्दोष रेणूंशी संयोग पावून त्यांनाही निकामी करतात; त्यामुळे जीनाची एक प्रत शाबूत असूनही नियंत्रण ढासळते.

या प्रथिनाचा शोध १९७९ मध्ये लागला. प्रारंभीच्या प्रयोगांत वापरलेल्या जीनाच्या प्रती नकळत उत्परिवर्तितच होत्या. म्हणून जवळजवळ दहा वर्षे ते कर्करोगाला चालना देणारे मानले गेले. १९८९ मध्ये ही समजूत दूर झाली. तथापि जुना गैरसमज सर्वस्वी निराधार नव्हता, असे पुढे अनेकांना वाटू लागले. सदोष प्रथिन स्वतः डीएनएला धरू शकत नसले, तरी एनएफ-वाय व ईटीएस-२ यांसारख्या अन्य नियामक प्रथिनांच्या आधाराने भलत्याच जीनांपाशी पोहोचून विभाजनास अनुकूल जीन चेतविते, तसेच पी-६३ व पी-७३ या सजातीय प्रथिनांना अडविते. २००४ मध्ये असे बदल घडविलेल्या उंदरांत अर्बुदे दूरच्या अवयवांत पसरलेली आढळली.

यावर अद्याप मतैक्य नाही. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अनेक प्रकारच्या कर्ककोशिकांतून उत्परिवर्तित जीन काढून टाकला, तेव्हा त्यांची वाढ खुंटली नाही. हे सर्वत्र खरे ठरल्यास सदोष प्रथिन केवळ नष्ट करणाऱ्या औषधांपेक्षा त्याचे मूळ कार्य परत मिळवून देणारी औषधे अधिक उपयुक्त ठरतील.