बोटाच्या खुणेचा मक्ता : सॉफ्टवेअरचीं पेटंटें आणि स्मार्टफोनचा धंदा

स्मार्टफोन जागा करावयाचा म्हणजे कांचेवर बोट टेकावयाचें आणि तें एका बाजूस सरकवावयाचें, ही रीत पाहतां पाहतां आजीबाईंपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांच्या हातीं बसली. दाराची कडी सरकवावी, तितकी ही क्रिया साधी आहे. परंतु या साध्या क्रियेवर मालकी कोणाची, हा प्रश्न सोडवितांना अमेरिका, इंग्लंड व जर्मनी या तीन देशांतील न्यायाधीशांना पुष्कळ डोकें शिणवावें लागलें. आणि नवल असें कीं, तिन्ही देशांचें उत्तर एक आलें नाहीं. अशा मालकीमुळें नव्या शोधांस उत्तेजन मिळतें कीं अडथळा होतो, हा त्यामागील खरा प्रश्न होय.

पेटंट या शब्दासरशी पुष्कळांच्या मनांत बक्षिसाची कल्पना उभी राहते. वस्तुतः पेटंट हा एक सौदा आहे. एखाद्या नामांकित वैद्याची रामबाण मात्रा त्याच्याबरोबरच सरणावर गेली, अशा गोष्टी जुन्या माणसांच्या तोंडून ऐकूं येतात. विद्या उघड केली तर पोट भरत नाहीं, आणि गुप्त ठेवली तर ती कर्त्याबरोबर मरते, असा हा पेंच आहे. तो सोडविण्यासाठीं व्हेनिसच्या प्रजासत्ताकानें १४७४ सालीं कायदा केला; इंग्लंडनें १६२४ सालीं मक्तेदारीचा कायदा करून नव्या शोधांपुरता चौदा वर्षांचा मक्ता मान्य केला. सौद्याच्या अटी दोन. शोधकानें आपली युक्ति अशी लिहून द्यावी कीं, त्या धंद्यांतील जाणत्या माणसास ती वाचून वस्तु करतां यावी. आणि समाजानें मोबदला म्हणून ठराविक मुदतीपर्यंत ती युक्ति वापरण्याचा अधिकार त्या एकट्यास द्यावा. आज ही मुदत बहुतेक देशांत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांची आहे. मुदत सरली कीं युक्ति सर्वांची होते.

हा सौदा चोख आहे. मात्र सौद्यांत दोन्ही बाजूंनीं कांहीं तरी दिलें गेलें पाहिजे. समाजानें वीस वर्षांचा मक्ता दिला, आणि उलट त्यास जें मिळालें तें वस्तु पाहणाऱ्या कोणासहि आपोआप कळत होतें, तर समाज फसला असेंच म्हणावें लागेल. सॉफ्टवेअरच्या पेटंटांविषयींचा वाद नेमका या ठिकाणीं उत्पन्न होतो.

सॉफ्टवेअर म्हणजे यंत्रास दिलेल्या आज्ञांची मालिका. ती लिहिली जाते म्हणून ग्रंथासारखी आहे, आणि ती यंत्र चालविते म्हणून यंत्राच्या भागासारखीहि आहे. ग्रंथाचें रक्षण कॉपीराइटनें होतें. पण कॉपीराइट शब्दांचें रक्षण करतो, कल्पनेचें करीत नाहीं. हरिश्चंद्राच्या कथेवर एकानें नाटक लिहिलें, म्हणून दुसऱ्यास तीच कथा आपल्या शब्दांत रचण्यास आडकाठी नसते. पेटंट याच्या पुढें जातें. ज्यानें पहिल्याचा एकहि शब्द उचलला नाहीं, किंबहुना पहिल्याचें नांवहि ऐकलें नाहीं, त्यासहि तें अडवूं शकतें. म्हणूनच सॉफ्टवेअरला पेटंट द्यावें कीं न द्यावें, याविषयीं कायदा प्रथमपासून चांचरत आला आहे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानें १९७२ सालीं निव्वळ गणिती रीतीस पेटंट नाकारलें. १९८१ सालीं रबर पक्कें करण्याच्या एका कृतींत संगणकाचा उपयोग केला होता, त्या कृतीस तें मान्य केलें. पुढें १९९८ सालीं अपील कोर्टानें गुंतवणुकीच्या हिशेबाच्या एका संगणकीय रीतीलाहि दार उघडलें, आणि अर्जांचा ओघ वाढला. युरोपांत १९७३ च्या कराराप्रमाणें निव्वळ संगणकाची आज्ञावली पेटंटास पात्र नाहीं. ही मर्यादा सैल होईल अशी भीति ज्या मसुद्यामुळें उत्पन्न झाली होती, तो २००५ सालीं युरोपीय पार्लमेंटनें ६४८ विरुद्ध १४ मतांनीं फेंटाळला.

स्मार्टफोनच्या धंद्यास या पेटंटांचा पहिला मोठा तडाखा २००६ सालीं बसला. ब्लॅकबेरी फोन करणाऱ्या कॅनडांतील रिसर्च इन मोशन या कंपनीस, बिनतारी टपालाच्या पेटंटांबद्दल एन.टी.पी. या कंपनीला ६१ कोटी २५ लाख डॉलर मोजून तडजोड करावी लागली. एन.टी.पी. स्वतः एकहि फोन करीत नव्हती. इतकेंच नव्हे, तर त्याच पेटंटांची सरकारी फेरतपासणी त्या वेळीं चालू होती. पण फेरतपासणीचा शेवट होईपर्यंत धंदा बंद पडला तर काय, या धाकानें पैसे मोजले गेले.

यानंतरचें मोठें युद्ध ॲपल व सॅमसंग यांचें. एप्रिल २०११ मध्यें ॲपलनें कॅलिफोर्नियांत दावा लावला. त्यांत ज्या सॉफ्टवेअर-युक्त्यांवर हक्क सांगितला होता, त्या पाहण्यासारख्या आहेत. यादी ओढतां ओढतां तिचा शेवट आला म्हणजे ती रबरासारखी किंचित् मागें उसळावी. एका बोटाचा स्पर्श सरकविण्यासाठीं व दोन बोटांचा चित्र लहानमोठें करण्यासाठीं, हें यंत्रानें ओळखावें. बोट टेकतांच पानाचा तेवढा भाग मोठा होऊन मध्यभागीं यावा. ऑगस्ट २०१२ मध्यें ज्यूरीनें सुमारें १०५ कोटी डॉलरची भरपाई ठरविली. त्यानंतर अपिलें झालीं, २०१६ सालीं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलें, २०१८ सालीं नव्या ज्यूरीनें ५३ कोटी ९० लाखांचा आंकडा ठरविला, आणि त्याच वर्षीं उभयतांनीं आपसांत मिटविलें. या शेवटच्या आंकड्याची फोड बोलकी आहे. त्यांतील सुमारें ५३ लाख डॉलर, म्हणजे शंभरांत एक हिस्सा, तेवढा सॉफ्टवेअरच्या दोन पेटंटांपोटीं होता. बाकी सारी रक्कम फोनच्या बाह्य रूपाच्या पेटंटांची होती. सात वर्षें चाललेल्या या लढाईंत बोटांच्या युक्त्यांची किंमत अखेर एवढीच ठरली.

बोट सरकवून फोन उघडण्याची युक्ति ॲपलच्या दुसऱ्या दाव्यांत होती. इंग्लंडच्या हायकोर्टानें २०१२ सालीं तें पेटंट रद्द ठरविलें. कारण स्वीडनमधील निओनोड या लहानशा कंपनीच्या फोनमध्यें अशीच सोय अगोदर आलेली होती, आणि ॲपलनें तींत घातलेली भर कोणाहि जाणत्यास सुचण्यासारखी होती. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानें २०१५ सालीं तोच कौल दिला. अमेरिकेंत मात्र २०१४ सालीं ज्यूरीनें ॲपलची बाजू घेतली; फेब्रुवारी २०१६ मध्यें अपील कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनीं पेटंट रद्द केलें; ऑक्टोबरमध्यें त्याच कोर्टाच्या पूर्ण पीठानें तें पुन्हा जिवंत केलें; आणि २०१७ सालीं सुप्रीम कोर्टानें त्यांत हात घालण्याचें नाकारलें. शेतजमिनीच्या वादांत निदान हद्दीचे दगड तरी दाखवितां येतात. येथें दगड कोठें पुरले आहेत, याविषयींच विद्वानांत एकमत होत नाहीं. मग नवा फोन करूं पाहणाऱ्या होतकरू तरुणानें आपलें पाऊल दुसऱ्याच्या शेतांत पडत नाहीं, हें ओळखावें कसें?

याच्या उलट प्रकारचीहि सॉफ्टवेअर-पेटंटें आहेत, आणि त्यांकडे डोळेझांक करणें न्यायाचें होणार नाहीं. तारेच्या टेलिफोनवरील आवाज अंकांत बसवावयाचा तर सेकंदास ८,००० वेळां त्याचें माप घ्यावें लागतें आणि ६४,००० अंक धाडावे लागतात. बिनतारी फोनला इतकी रुंद वाट परवडत नाहीं. म्हणून अभियंत्यांनीं आवाजाची प्रत्येक लाट धाडण्याऐवजीं बोलणाऱ्याच्या कंठाची व मुखाची स्थिति क्षणोक्षणीं कशी बदलते, तेवढीच खूण धाडावयाची आणि पलीकडच्या फोननें तीवरून आवाज पुन्हा घडवावयाचा, अशी रीत सिद्ध केली. तिच्या योगानें १२,२०० किंवा त्याहूनहि कमी अंकांत काम भागतें. एम.पी.३ या संगीताच्या रीतीमागें जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेचें अनेक वर्षांचें संशोधन होतें. तिच्या पेटंटांचें उत्पन्न २०१७ पर्यंत चाललें. चलच्चित्रें आंखडण्याच्या एच.२६४ या रीतीचीं पेटंटें तर अनेक कंपन्यांनीं एकत्र ठेवलीं आणि दर आधींच जाहीर केला : वर्षाकांठीं पहिल्या एक लाख यंत्रांस कांहीं नाहीं, त्यापुढें दर यंत्रास २० सेंट, आणि ५० लाखांपुढें १० सेंट.

या दोन प्रकारांतील भेद लक्षांत घेतला म्हणजे वादाची गांठ सुटते. फोन उलटासुलटा करून कितीहि न्याहाळला, तरी आवाज आंखडण्याची रीत बाहेरून दिसत नाहीं. ती लिहून मिळाली म्हणजे समाजाच्या हातीं खरोखरच कांहीं पडतें, आणि ती शोधण्यास लागलेले श्रम व पैसा परत मिळण्याची सोय न झाल्यास पुढचा शोधक त्या वाटेस जाणार नाहीं. बोट सरकविण्याची युक्ति फोन दुकानांत आला त्याच दिवशीं सर्वांनीं पाहिली. तिच्यांत सांगण्यासारखें गुपित उरलेंच नव्हतें.

येथें एक शंका निघेल. जी युक्ति पाहतांच उचलतां येते, तिच्याच कर्त्यास संरक्षणाची अधिक गरज नाहीं काय? शंका रास्त आहे. सोपी दिसणारी वस्तु सोपी करण्यास फार कष्ट पडतात, हें कोणताहि कसबी कारागीर सांगेल. परंतु अशा कर्त्यास बाजारांत प्रथम येण्याचा लाभ मिळतो, नांवलौकिक मिळतो, वस्तूच्या रूपाचें व आज्ञावलीच्या शब्दांचें रक्षणहि मिळतें. शिवाय वीस वर्षांच्या मुदतीचें माप येथें बसत नाहीं. ज्या धंद्यांत तीनचार वर्षांत वस्तु जुनी होते, तेथें वीस वर्षें म्हणजे पांचसहा पिढ्या झाल्या.

या पद्धतीचा बोजाहि लहान नाहीं. २०११ सालीं नॉर्टेल या दिवाळें निघालेल्या कंपनीचीं सुमारें ६,००० पेटंटें ॲपल, मायक्रोसॉफ्ट आदि कंपन्यांच्या गटानें ४५० कोटी डॉलर देऊन घेतलीं. त्याच वर्षीं गूगलनें १,२५० कोटी डॉलरना मोटोरोलाचा फोनविभाग घेण्याचें ठरविलें. त्यामागें सुमारें १७,००० पेटंटांची ढाल मिळविणें हा मोठा हेतु होता. पुढें २०१४ सालीं बहुतेक पेटंटें स्वतःकडे ठेवून तोच विभाग २९१ कोटींना विकण्याचा करार झाला. २०११ या एका सालीं ॲपल व गूगल यांचा पेटंटांच्या खटल्यांवरील व खरेदीवरील खर्च नव्या वस्तूंच्या संशोधनावरील खर्चाहून अधिक झाला, असें न्यूयॉर्क टाइम्सनें दाखवून दिलें. बिल गेट्स यांनीं १९९१ सालीं आपल्या सहकाऱ्यांस लिहिलेल्या टिपणांत, प्रारंभींच्या कल्पनांवर लोकांनीं पेटंटें घेतलीं असतीं तर हा सारा धंदा ठप्प झाला असता, असें म्हटलें होतें. त्यांच्याच मायक्रोसॉफ्टला पुढें अँड्रॉइड फोनांबद्दल सॅमसंगकडून एका वर्षाची रॉयल्टी सुमारें १०४ कोटी डॉलर मिळाली, हें २०१४ सालीं कोर्टांतील कागदांवरून बाहेर आलें.

तथापि या खटल्यांनीं प्रगति थांबली, असें म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं. लढाई ऐन रंगांत असतां फोन सुधारतच होते आणि खपहि वाढतच होता. थोरांनीं एकमेकांशीं तह केले. अमेरिकेंत हा प्रकार नवा नव्हे. शिवणाच्या यंत्राचा एकेक भाग एकेकाच्या पेटंटांत अडकल्यानें असेंच युद्ध माजलें होतें. तें १८५६ सालीं एलियस हौ, सिंगर व इतर दोन कारखानदारांनीं पेटंटें एकत्र करून मिटविलें. पण अशा तहानें आंतले सुखी होतात. बाहेरून येणाऱ्या नवख्यास वेशीवर जकात भरावीच लागते. ज्याच्यापाशीं अदलाबदलीस पेटंटें नाहींत व वकिलांस पैसा नाहीं, त्याची वस्तु बाजारांत येतच नाहीं. जी वस्तु निघालीच नाहीं, तिची मोजदाद कोण करणार? अडथळ्याचा खरा तोटा तो होय.

याची जाणीव होऊन कांहीं बांध घातले गेले आहेत. अमेरिकन सुप्रीम कोर्टानें २००६ सालीं, पेटंटाचा भंग झाला एवढ्यावरून मनाईहुकूम आपोआप मिळणार नाहीं, असें ठरविलें. २०११ च्या कायद्यानें दिलेलीं पेटंटें तपासून रद्द करण्याची स्वस्त वाट काढली. आणि २०१४ सालीं ॲलिस खटल्यांत, जुनीच अमूर्त कल्पना नुसती संगणकावर चढविल्यानें पेटंटास पात्र होत नाहीं, असा निर्णय झाला. हिंदुस्थानांत १९७० च्या पेटंट कायद्याच्या ३(के) या कलमान्वयें गणिती रीत, व्यापाराची रीत व निव्वळ संगणकीय आज्ञावली यांस पेटंट मिळत नाहीं. २००४ च्या वटहुकुमानें हें कलम सैल केलें होतें, तें पार्लमेंटनें २००५ सालीं कायम होऊं दिलें नाहीं. पण आवाज आंखडण्यासारख्या रीतींस या कलमाची आडकाठी होतेच असें नाहीं. मार्च २०२४ मध्यें दिल्ली हायकोर्टाच्या एका न्यायाधीशांनीं हा बचाव अमान्य केला आणि एरिक्सनच्या दाव्यांत लाव्हा या भारतीय कंपनीस २४४ कोटी रुपये देण्यास फर्माविलें.

तेव्हां सॉफ्टवेअरचीं पेटंटें तारक कीं मारक, याचें एका शब्दांत उत्तर देऊं गेल्यास तें चुकेल. अर्ज हातीं येतांच अधिकाऱ्यानें एक प्रश्न विचारावा : या माणसानें ही युक्ति लिहून दिली नसती, तर जग कशास मुकलें असतें? उत्तर भरीव असेल, तर मक्ता अवश्य द्यावा. उत्तर 'कशासहि नाहीं' असें असेल, तर ती युक्ति कडी सरकविण्याच्या रीतीप्रमाणें सर्वांच्या हातीं राहूं द्यावी, यांतच शोधकांचें आणि समाजाचें हित आहे.